जाड चंद्राची साक्ष

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी मागे शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात एक रोजा धरला. वय सत्तरीच्या पुढे, साखरेचा आजार, डॉक्टरांची सक्त मनाई. असरच्या सुमारास त्या मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. शुद्धीवर आल्यावर आम्ही विचारले, हा रोजा कसला? खाला म्हणाल्या, "कजा का. एक छूट गया था ना!"

सुटला होता असे त्यांना कुणी सांगितले? नातवाच्या मोबाइलने. रमजानचा चांद दिसला त्या रात्रीचा एक फोटो गावभर फिरत होता. काळ्याभोर आभाळात चांगला जाडजूड, लखलखीत चंद्र. खाली कुणीतरी लिहिले होते, "ये तो दूसरी का चांद है. सबका एक रोजा खा गए." लिहिणारा कोण, फोटो कुठला, कधी काढला, कसा काढला, यातले काहीही कुणाला ठाऊक नव्हते. पण चंद्र जाड दिसत होता आणि तेवढ्यावर एका म्हाताऱ्या बाईने आपला जीव पणाला लावला.

आम्ही आज भांडायला उभे आहोत ते या जाड चंद्राशी. दरवर्षी रमजानला आणि ईदला हे भांडण आपल्या दारात येते. "ये कल का चांद है" या एका वाक्याने भाऊ भावाला ईदची गळाभेट देत नाही, एकाच गल्लीत एका घरी शीरखुर्मा शिजतो आणि दुसऱ्या घरी सहरीची भांडी वाजतात. पूर्वी हे वाक्य छपरावर उभे राहून बोलले जाई आणि छपरावरच विरून जाई. आता त्याच्या हातात पुरावा आला आहे. फोटो! आणि फोटो खोटे बोलत नाही, असे आपण धरून चाललो आहोत.

आमचे म्हणणे सरळ आहे. फोटोतल्या चंद्राच्या जाडीवरून चंद्राचे वय सांगता येत नाही. चंद्र फोटोत किती जाड दिसावा, हे बऱ्याच अंशी फोटो काढणारा ठरवतो, किंवा त्याच्या वतीने यंत्र ठरवते. म्हणून चंद्राचा फोटो हा साक्षीदार नव्हे. साक्षीदार असतो फोटो काढणारा माणूस, आणि त्याला साक्षीदाराला विचारावेत ते सगळे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

ज्याला एक्स्पोजर म्हणतात ते काय आहे? कॅमेऱ्याच्या आत उजेड किती आणि किती वेळ घ्यायचा याचा निर्णय. त्याला तीन दोऱ्या आहेत. भिंगाचे छिद्र लहान-मोठे करणे ही एक. पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ही दुसरी. आणि आतली पट्टी उजेडाला किती हळवी ठेवायची, ज्याला आयएसओ म्हणतात, ती तिसरी. या तीन दोऱ्या ज्याच्या हातात, त्याच्या हातात फोटोतले आभाळ आणि त्याच्याच हातात फोटोतला चंद्र.

पौर्णिमेचेच घ्या. पूर्ण चंद्राचा फोटो काढायला छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा आहे: छिद्र एफ ११ वर ठेवावे आणि आयएसओ जितका असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागात पडदा मिटावा. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. मध्यरात्री एवढा थोडा वेळ कसा पुरतो? कारण आपल्याकडे रात्र असली तरी चंद्रावर ऊन पडलेले असते. चंद्र हा उन्हात पडलेला दगड आहे, आणि दगडही काळसर. पडलेल्या उजेडातला जेमतेम बारा टक्के तो परत पाठवतो, आपल्या जुन्या डांबरी रस्त्यासारखा. त्याच रात्री ताडोब्यात चंद्राच्या उजेडात उभी असलेली सागाची झाडे मात्र त्या दगडापेक्षा सुमारे चार लाख पट अंधारात असतात. बुद्ध पौर्णिमेला आपल्याकडे पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढण्याचा प्रघात आहे. तिथे बसलेल्याला विचारा. झाडे दिसावीत म्हणून पडदा उघडा ठेवला की चंद्राचा पांढरा गोळा होतो, आणि चंद्रावरचे डाग दिसावेत म्हणून पडदा झटकन मिटला की जंगल काळे ठिक्कर पडते. दोन्ही एका झटक्यात मिळणे नाही. कॅलेंडरवरच्या ज्या चित्रात डागांसकट चंद्र आणि पानांसकट रान दोन्ही दिसतात, ते बहुधा दोन फोटो जोडून केलेले असते.

अमेरिकेतल्या अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचे छायाचित्र जगभर गाजलेले आहे. १९४१ साली ते काढताना त्यांना उजेड मोजायचे यंत्र ऐनवेळी सापडेना. सूर्य बुडायला क्षण उरलेले. पण चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले आणि फोटो वाचवला. पुढे त्याच एका निगेटिव्हवरून त्यांनी अनेक वर्षे प्रती काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आभाळ करडे, ढगाळ आहे आणि नंतरच्या प्रतींत गडद काळे. संध्याकाळ एकच, चंद्र एकच, माणूसही एकच, आभाळे दोन. ही फसवणूक नव्हे, ती त्यांची कला. पण कुणी ती काळी प्रत घेऊन "त्या दिवशी आभाळ स्वच्छ होते" अशी शहादत द्यायला निघाला, तर काझी काय म्हणेल?

आता कोरीकडे वळू. आम्ही शाळेतल्या मुलांना घेऊन हा प्रयोग स्वतः केला आहे. मुद्दाम रमजान-ईद सोडून साधा महिना निवडला, म्हणजे कुणाचे रक्त तापायला नको. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी, तीस पुरे झाल्यावर, मगरिबची नमाज आटोपून आम्ही छपरावर तिवई रोवली. कॅमेरा मागून आणलेला, भिंग ३०० मिलिमीटरचे. छिद्र आणि आयएसओ तेच ठेवून एकाच चंद्राचे तीन फोटो, सगळे मिळून दोन मिनिटांच्या आत. पहिल्यात पडदा सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग उघडा होता, दुसऱ्यात आठवा भाग, तिसऱ्यात पूर्ण दोन सेकंद. म्हणजे तिसऱ्यात पहिल्याच्या अडीचशे पट उजेड.

तिन्ही फोटो छापून आम्ही इशानंतर मशिदीबाहेर बसणाऱ्या बुजुर्गांपुढे ठेवले. कुठला कधीचा, काही सांगितले नाही. पहिल्यात केसासारखी कोर होती. सगळे म्हणाले, "ये ताजा है, पहला चांद." दुसऱ्यात कोर भरलेली. "ये दूसरी का." तिसऱ्यात कोर जाडजूड, तिची टोके लांबवर पसरलेली आणि कोरीच्या कुशीत चंद्राचा उरलेला गोल राखाडी दिसत होता. त्यावर एकमत झाले, "ये तो तीसरी का हुआ." मग आम्ही सांगितले, तिन्ही एकाच संध्याकाळचे आहेत. क्षणभर शांतता. नंतर एक चाचा रागावून म्हणाले, "मास्टर साब, आपने फोटू में गडबड की है." आम्ही म्हटले, चाचा, गडबड केली नाही, पडदा जास्त वेळ उघडा ठेवला, एवढेच. पण तुम्ही जे फोटो पाहून दरवर्षी भांडता, त्यात पडदा किती वेळ उघडा होता हे कधी विचारले होते का?

कोर फुगते कशी, हेही समजून घ्यावे. जास्त उजेड आत आला की तो भिंगात, हवेत आणि कॅमेऱ्याच्या पट्टीवर पसरतो. टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा. कडेचा जो भाग इतका मंद होता की उमटलाच नसता, तोही उजळतो. टोके लांबतात. चंद्र थांबूनही राहत नाही. पृथ्वी फिरते म्हणून तो दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. दोन सेकंदांत साठाव्या भागाइतका. तेवढे पुसटपण कोरीच्या जाडीत मिसळते. आणि कुशीतला तो राखाडी गोल? तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे कारण लिहून ठेवले होते. तो पहिल्या चंद्रातही असतो. फोटोत येतो की नाही, हे फक्त पडद्याच्या वेळेवर असते.

कुणी म्हणेल, फोटोचे सोडा, आम्ही डोळ्यांनी जाड चंद्र पाहिला. त्याचाही हिशेब करू. चंद्र सूर्यापासून दिवसाला सुमारे १२ अंश दूर जातो. १२ अंशांवर असताना त्याचा सुमारे एक टक्का भाग उजळलेला असतो आणि १८ अंशांवर सुमारे अडीच टक्के. समजा, एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र बारा तासांचा होता आणि म्हणून कुणालाच दिसला नाही. दुसऱ्या संध्याकाळी तो छत्तीस तासांचा होऊनच उगवणार. तो जाड दिसणारच! तरी तो पहिलाच आहे, कारण आदल्या दिवशी तो दिसण्याजोगा नव्हता. आणि डोळा तरी जाडी कुठे मोजतो? एक टक्क्याच्या कोरीची मधली जाडी चंद्राच्या व्यासाच्या नव्वदाव्या भागाइतकी असते, अडीच टक्क्यांच्या कोरीची चाळिसाव्या भागाइतकी. माणसाच्या चांगल्या डोळ्याला तिसाव्या भागापेक्षा बारीक काही नीट वेगळे काढता येत नाही. म्हणजे डोळ्यालाही जाडी दिसत नाही, झळाळी दिसते. आणि झळाळीला तो जाडी म्हणतो.

हे भांडण नवे आहे असे समजू नका. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. काही लोक उमऱ्याला निघाले असता बत्न नखला इथे मुक्कामी थांबले आणि त्यांनी चंद्र पाहिला. कुणी म्हणे दोन रात्रींचा, कुणी म्हणे तीन रात्रींचा. पुढे हजरत इब्न अब्बास भेटले तेव्हा त्यांनी हा वाद त्यांच्यापुढे ठेवला. इब्न अब्बासांनी जाडीबद्दल काही विचारले नाही. तुम्ही तो कुठल्या रात्री पाहिला, एवढेच विचारले, आणि निर्णय दिला की ज्या रात्री पाहिला त्या रात्रीचाच तो. चौदाशे वर्षांपूर्वी निकाली निघालेला खटला आपण मोबाइल हातात घेऊन पुन्हा दाखल करतो आहोत. आणि वर आपण दीनदार!

शहादतीचा कायदाच पाहा. आम्ही मुफ्ती नाही, शाळेत शिकवणारी माणसे आहोत. पण मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते ते सांगतो. हनफी फिकहप्रमाणे आभाळ झाकलेले असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते, ईदच्या चंद्रासाठी दोघांची लागते, आणि आभाळ स्वच्छ असेल तर मोठ्या जमावाने पाहायला हवे. यात सारा भर माणसावर आहे. तो कोण, विश्वासू आहे का, त्याने स्वतः पाहिले का, कुठे, केव्हा, आभाळ कसे होते. "मी पाहिले" हे शब्द ज्याच्या तोंडून निघतात, त्याला जाब विचारता येतो. दहा मोबाइलांमधून फिरत आलेल्या फोटोला कोण जाब विचारणार? व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना फोटोच्या पोटातली वेळ, तारीख, एक्स्पोजर, सगळी नोंद पुसली जाते. नाव नाही, गाव नाही, वेळ नाही. असा साक्षीदार उभा राहिला तर त्याला दारातूनच परत पाठवतील. आपण त्याला मिंबरावर बसवले आहे.

शिवाय मोबाइलचा कॅमेरा स्वतःच ठरवतो. समोर सगळा अंधार आहे असे पाहून तो पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो, कारण चौकट मध्यम उजेडाची दिसावी असेच त्याला शिकवलेले आहे. आभाळ उजळते आणि बिचारी कोर फुगून दिवा होते. ज्याला खरी कोर हवी, त्याने पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढली पाहिजे. हे किती जण करतात? त्याहून पुढची गोष्ट २०२३ च्या मार्चमध्ये उघड झाली. एका गृहस्थाने चंद्राचे चित्र मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या मोबाइलने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोटोत आले. कंपनीनेही सांगितले की यंत्र चंद्र ओळखते, अनेक फोटो एकत्र करते आणि शिकवलेल्या बुद्धीने तपशील सुधारते. करमणुकीसाठी ठीक आहे. पण जे यंत्र चंद्राला ओळखून त्याला सजवते, त्याची साक्ष आपण रोज्याच्या बाबतीत घेणार का?

याची दुसरी बाजूही मांडली नाही तर आम्हीच अर्धवट साक्षीदार ठरू. कॅमेरा डोळ्यापेक्षा जास्तही पाहतो. फ्रान्समधल्या तिएरी लगो या छायाचित्रकाराने ८ जुलै २०१३ रोजी, अमावास्येच्या अगदी नेमक्या क्षणी, भर दिवसा चंद्राची कोर टिपली. चंद्र तेव्हा सूर्यापासून अवघ्या साडेचार अंशांच्या आत होता. डोळ्याला न दिसणारा उजेड घेणारी गाळणी, सूर्याचे ऊन अडवणारा आडोसा आणि अनेक फोटोंची बेरीज यामुळे ते साधले. दांजाँ या फ्रेंच खगोलज्ञाने १९३० च्या दशकात म्हटले होते की सुमारे सात अंशांच्या आत कोर डोळ्याला दिसतच नाही. लगोने टिपला तो १४३४ च्या रमजानचाच चंद्र होता. पण तो फोटो पाहून कुणी "चांद हो गया" म्हणत दुसऱ्या दिवशी रोजा धरला असता, तर ते बरोबर ठरले असते का? चंद्र होता, हे खरे. चंद्र दिसला, हे मात्र खोटे. हुकूम आहे तो दिसण्याचा. म्हणून "फोटो आहे, तर चंद्र दिसला असणारच" हे जितके चूक, तितकेच "फोटोत आला नाही, तर चंद्र नव्हताच" हेही चूक. उजळ संधिप्रकाशात स्वयंचलित कॅमेरा कोर सहज गमावतो, आणि शेजारी उभ्या म्हाताऱ्याला ती दिसलेली असते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर हा विचार जास्तच हवा. आमच्याकडे कुणी नागपूरकडे कान लावतो, कुणी हैदराबादकडे, कुणी मुंबईकडे. मुंबईहून जाड चंद्राचा फोटो आला की इथे आरडाओरडा होतो, आपल्याला का नाही दिसला? भूगोल पाहा. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेला साडेसहा रेखांशांवर आहे. आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २६ मिनिटे आधी बुडतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी दूर सरकतो आणि मुंबईकराला जरा मोठा, जरा उंच मिळतो. त्यात चंद्रपूरचे आभाळ. २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार यादी केली तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. क्षितिजाजवळची कोर त्या धुळीच्या पडद्यातून लालसर, मंद होऊन येते आणि पुष्कळदा येतच नाही. भामरागड-एटापल्लीकडे आभाळ काचेसारखे, पण क्षितिज कुठे? साग आणि बांबूच्या आड कोर कधी बुडाली ते कळतही नाही. याउलट सिरोंचा प्राणहितेच्या पूर्व तीरावर आहे. पश्चिमेला नदीचे रुंद पात्र, समोर तेलंगणा, मध्ये आडवे काही नाही. चंद्र पाहायला दोन्ही जिल्ह्यांत याहून चांगल्या जागा थोड्याच असतील. तिथून चंद्रपूरला किती वेळा कुणी विचारणा करते? आपण हजार किलोमीटरवरचा फोटो मानतो, पण सिरोंच्याच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाला फोन करत नाही.

आम्हाला ठाऊक आहे, काही मंडळी यावर हसतील. एकजण म्हणेल, हे सगळे कशाला, पंचांगासारखे गणित करून वर्षभराची पत्रिका छापा. गणिताला आमचा विरोध नाही. अमावास्येचा क्षण आज सेकंदापर्यंत सांगता येतो, आणि चंद्र क्षितिजावर असणारच नाही तेव्हा "दिसला" म्हणणाऱ्याला त्याच गणिताने अडवता येते. पण क्षितिजावरचा चंद्र माणसाला दिसेल की नाही, हे धूळ, ढग आणि डोळा ठरवतात. पाहण्याच्या जागी पत्रिका आणावी का, हा उलेमांचा प्रांत. तो वाद त्यांनी जरूर करावा. दुसरा म्हणेल, मास्टर लोक कॅमेरा घेऊन मशिदीच्या कामात नाक खुपसतात. त्यांना आमचे उत्तर, कॅमेरा आम्ही आणलेला नाही. तो प्रत्येकाच्या खिशात आधीच आला आहे, आणि तुमच्या वादात साक्षही देतो आहे. त्याची उलटतपासणी करायला तरी शिका! तिसरा म्हणेल, एवढ्याशा फोटोने काय बिघडते? त्याने आमच्या खालांना जाऊन विचारावे.

आणि आता आपल्या शाळांकडे. इब्न अल-हैसम आमचा, हे वाक्य आपण प्रत्येक जलशात टाळ्या घेण्यासाठी वापरतो. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात साऱ्या जगाने त्यांचे नाव घेतले, तेव्हा आपली छाती फुगली. त्या माणसाने हजार वर्षांपूर्वी काय केले? ग्रहणातल्या सूर्याचा उजेड बारीक भोकातून भिंतीवर पाडला आणि दाखवले की भोक अगदी लहान असेल तरच भिंतीवर कोर उमटते. भोक मोठे केले की तिचा आकार हरवतो. हा एक्स्पोजरचाच धडा नव्हे काय? पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडायला किती खर्च येतो? आमच्या उर्दू शाळांतली मुले अदसा आणि मासका हे शब्द पाठ करून गुण मिळवतात आणि शाळेतून निघताना मोबाइलवर जाड चंद्र पुढे पाठवतात. दोष मुलांचा नाही. आम्ही शिक्षकांनी शब्द शिकवले, भोक पाडून दाखवले नाही. ही फिर्याद पहिल्यांदा आमच्यावरच आहे.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक इस्लामी महिन्याच्या एकोणतीस तारखेला, केवळ रमजान-ईदलाच नव्हे, मोहल्ल्यातल्या शाळेची आठवी ते दहावीची मुले दोन जाणत्या माणसांसह पश्चिम मोकळी असेल अशा जागी उभी राहावीत. चंद्रपुरात बिनबा दरवाज्याबाहेर इरईकडे, सिरोंच्यात प्राणहितेच्या घाटावर, गडचिरोलीत जिथे झाडी उघडी पडते तिथे. आधी डोळ्यांनी पाहायचे. मग वहीत लिहायचे: वेळ, जागा, दिशा, क्षितिजापासून किती मुठी वर (हात लांब करून धरलेली एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश), आभाळ कसे, पाहणाऱ्याचे नाव आणि सही. त्यानंतर फोटो, एक नव्हे, कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन, आणि प्रत्येकाखाली छिद्र, पडदा, आयएसओ. ज्याखाली नाव आणि नोंद नाही, तो फोटो कुणी पुढे पाठवायचा नाही. हिलाल कमिट्यांनी ही वही मागावी. पटली नाही तर नाकारावी, पण मागावी.

आणि मुलींना छपरावर येऊ द्या. चंद्र पाहायची वेळ आली की त्या स्वयंपाकघरात भजी तळत असतात आणि पोरगे छपरावर धावतात. ज्या फिकहचे नाव घेऊन तुम्ही त्यांना खाली ठेवता, त्याच हनफी फिकहने झाकल्या आभाळात रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासू बाईची साक्षही मान्य केली आहे. मग ती साक्ष देणार कुठून, चुलीपुढून? आमच्या त्या प्रयोगात कोर सर्वांत आधी शोधली ती नववीतल्या एका मुलीने. वहीत पहिली सही तिची आहे.

खाला आता बऱ्या आहेत. ते तीन फोटो आम्ही त्यांनाही दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले, मग केसासारख्या कोरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अगली बार मुझे भी छत पे ले चलना. मैं खुद देखूंगी." आम्ही कबूल केले आहे. जिना अरुंद आहे, दोघांनी धरून न्यावे लागेल. पण पुढच्या एकोणतिसाव्याला त्यांची खुर्ची वर जाईल, आणि त्या दिवशी कुणाच्या मोबाइलवर काय आले ते त्यांना कुणी दाखवायचे नाही.